रुडीची नऊ-तीन आणि लुडविकचा खांदा

लुडविक मोहारचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी चूल पेटवायची, मग दोन डुकरांना खायला घालायचं आणि मग स्वतःचं बघायचं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर तळलेल्या चरबीचे तुकडे, सोबत सातूची कॉफी. एवढं पोटात घालून तो उतरणीच्या वाटेनं आरागिरणीत जाई आणि भोंगा व्हायच्या आधी आपल्या जागेवर उभा असे.

त्याची जागा म्हणजे ओंडके आत येतात ते तोंड. लोखंडी आकड्यानं ओंडका फिरवायचा, त्याची कूस बघायची, मग तो करवतीच्या वाटेला लावायचा. आमच्या जंगलात जुन्या लढाईतलं लोखंड अजून झाडांच्या पोटात होतं. सालीवर काळपट निळा डाग दिसला की आत तुकडा असणार असं समजायचं. तो करवतीला लागला तर पातं तुटायचं, आणि तुटलेलं पातं कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नसे. लुडविकच्या पाळीत पातं तुटलं असं फारसं कुणाला आठवत नाही. तो हळू काम करतो असं नवीन पोरं म्हणायची. तो हळू नव्हता, एकदाच करायचा.

तरुणपणी फरच्या झाडाचा एक ओला ओंडका साखळीतून निसटून त्याच्या उजव्या खांद्यावर आला होता. गळ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यात आत लोखंडी पट्टी घालून स्क्रू मारले. डॉक्टरनं सांगितलेल्या मुदतीच्या आधीच लुडविक कामावर परतला आणि त्यानंतर खांद्याविषयी कुणाशी बोलला नाही. त्याचं कारण साधं होतं. गिरणीत जो ‘दुखतंय’ म्हणे त्याच्या हाती झाडू यायचा, भुसा लोटायचं काम मिळायचं आणि पगार खाली यायचा. म्हणून तो डाव्या हातावर जोर घ्यायला शिकला. इतक्या सफाईनं शिकला की मुकादमालाही कळलं नाही.

शिकारीची त्याला पहिल्यापासून ओढ. पण आमच्या गोर्नी लाझ गावच्या शिकारी मंडळात शिरायचं तर शनिवार-रविवार मोकळे लागतात, आणि लुडविकचे शनिवार जादा पाळीत जात. त्यामुळे तो नुसता हाक्याला जायचा. हिवाळ्यात रानडुकरांचा हाका निघाला की काठी आपटत, ओरडत झाडी तुडवायची आणि शेवटी बंदूकवाल्यांच्या शेकोटीशी जरा बाजूला उभं राहून सूप प्यायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. मुली लग्न होऊन गेल्या, गिरणीनं शनिवारची पाळी बंद केली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर लुडविकनं मंडळात उमेदवार म्हणून नाव घातलं.

‘‘आता?’’ बायको झोफ्का म्हणाली. ‘‘लोक या वयात गुडघ्याला तेल चोळतात.’’

‘‘तेही चोळीन,’’ तो म्हणाला.

उमेदवाराला वर्षभर बंदूक नसते, मेहनत असते. हरणांना चाटायला मिठाचे दगड पाठीवरून वर न्यायचे, रानडुकरांसाठी मका टाकायचा, वाटा साफ करायच्या, मचाणं बांधायची. त्याचा गुरू होता हिन्को बार्तोल, मंडळाचा शिकारप्रमुख. निवृत्त वनरक्षक, तोंडाचा फटकळ. लुडविकनं पहिलं मचाण बांधलं तेव्हा हिन्को शिडीच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारत वर गेला आणि तसाच खाली आला.

‘‘खिळे कुणी शिकवले मारायला?’’

‘‘गिरणीनं.’’

‘‘हं,’’ हिन्को म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

वर्ष सरलं, परीक्षा झाली, परवान्याचा कागद आला. राहिला एकच प्रश्न: रायफल कुठली घ्यायची?

त्या रविवारी मंडळाच्या झोपडीत गुलाश शिजत होता आणि टेबलाभोवती सगळ्यांना तोंड फुटलं होतं. पहिली रायफल घेणारा माणूस सापडला की इतरांना आपलं लग्न पुन्हा ठरत असल्यासारखं वाटतं.

‘‘नऊ-तीन,’’ पेपी म्हणाला. पेपी गावचा पोस्टमन. ‘‘नऊ पूर्णांक तीन मिलिमीटर. त्याच्याखालचं सगळं कबुतरांसाठी.’’

‘‘हरणाला सात पुरते,’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘साडेसहासुद्धा पुरते.’’

‘‘आणि अस्वल आलं तर? साडेसहाच्या गोळीनं त्याला गुदगुल्या होतील.’’

‘‘तुझ्यासमोर कधी आलं रे अस्वल?’’

‘‘आलं होतं. मी झाडाआड बसलो होतो, विजार खाली होती.’’

‘‘मग? झाडलीस नऊ-तीन?’’

‘‘ती झाडाला टेकवलेली. अस्वलानं माझ्याकडे बघितलं, मी अस्वलाकडे. मग तेच लाजून गेलं.’’

हसणं ओसरल्यावर हिन्को बोलला. ‘‘आपल्या जंगलात अस्वल आहे. मंडळाचा नियम आहे, अस्वलाच्या शिकारीच्या सोडतीत ज्याचं नाव टाकायचं त्याच्याकडे नऊ-तीन पाहिजे. पुढचं बोलणं नको.’’

पुढचं बोलणं नको म्हणण्यामागं आणखी एक गोष्ट होती, आणि ती लगेच दारातून आत आली. तोन्चका. हिन्कोच्या मेलेल्या भावाची, रुडीची, बायको. तिच्या हातात घोंगडीत गुंडाळलेली लांब वस्तू होती.

रुडी गिरणीत करवतींना धार लावायचा. लुडविकच्या शेजारीच त्याचं टेबल होतं. तो गेला तेव्हा त्याची शवपेटी खांद्यावर नेणाऱ्यांत लुडविक होता, तोही डाव्या बाजूनं. आमच्या गावची रीत अशी, की शिकारी गेला की त्याची रायफल वर्षभर भिंतीवर राहते, तिच्यावर फरची डहाळी टांगतात. वर्षानं घरची बाई शवपेटी वाहणाऱ्यांपैकी एकाला ती देते. पैसे लगेच घेत नाहीत. त्या रायफलीनं नव्या माणसाच्या हातून पहिलं जनावर पडलं की मगच किंमत चुकवायची, तीही पुढच्या रविवारपर्यंत. त्या दिवशी भिंतीवरची सुकलेली डहाळी चुलीत टाकतात. बंदूक मग कायमची त्याची.

तोन्चकानं घोंगडी सोडली. रुडीची नऊ-तीन होती. अक्रोडाचा दस्ता, नळीच्या कडेला निळं काळं झालेलं लोखंड, खांद्याला टेकतो त्या कुंद्याला हाताच्या घामानं आलेली चकाकी.

‘‘दुकानं फिरू नकोस, लुडविक,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्याबरोबर तो रोज डबा खायचा. तूच घे.’’

हिन्कोनं खिडकीकडे तोंड केलं. लुडविकनं टोपी काढली आणि रायफल हातात घेतली. नाही म्हणायला माणसाला जी जागा लागते ती त्या झोपडीत त्या वेळी नव्हती.

‘‘देव तुझं भलं करो, तोन्चकामावशी,’’ तो म्हणाला.

घरी झोफ्कानं रायफलीकडे बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

‘‘आणि खांदा?’’

‘‘खांद्याचं काय?’’

‘‘मला विचारतोस? कूस बदलताना कण्हतोस ते मीच ऐकते, शेजारीण नाही ऐकत.’’

‘‘सवय होईल.’’

‘‘खांद्याला की मला?’’

चांदमारीवर त्यानं पहिल्यांदा नऊ-तीन झाडली तेव्हा खेचरानं लाथ घालावी तसं झालं. परीक्षेच्या वेळी त्यानं मंडळाची हलकी बंदूक चालवली होती, ती नुसती खोकायची. ही वेगळी. धक्का पट्टीच्या स्क्रूंपर्यंत गेला आणि तिथून दातांपर्यंत आला. तरी पहिल्या दोन गोळ्या चांगल्या बसल्या, तिसरी जरा कडेला गेली. हिन्को मागं हात बांधून उभा होता.

‘‘तिसरी का सरकली?’’

‘‘श्वास चुकला.’’

‘‘चुकवू नकोस.’’

दुसऱ्या दिवशी गिरणीत उजवा हात आकड्यापर्यंत वर जाईना. त्यानं आकडा डाव्या हातानं उचलला आणि उजवा नुसता शोभेला ठेवला. शर्टाखाली खांदा जांभळा झाला होता.

नेम सरावानं येतो हे लुडविकला कुणी शिकवायला नको होतं. त्याचं सगळं आयुष्य एकच काम पुन्हा पुन्हा करून ते अंगात मुरवण्यात गेलं होतं. पण या बंदुकीचा सराव करायचा तर आधी खांद्याला विचारावं लागे, आणि खांदा नाही म्हणे. म्हणून तो सराव टाळू लागला. हिन्कोनं विचारलं की म्हणे, काडतुसं महाग आहेत. तेही खोटं नव्हतं, म्हणून खपून गेलं. मनातली भीती वेगळीच होती. खांद्याचं सांगितलं तर मंडळ म्हणेल, मग तू हाक्यालाच ये. पुन्हा काठी, पुन्हा ओरडणं, पुन्हा शेकोटीच्या बाजूला उभं राहून सूप. वर्षभर मीठ वाहून पुन्हा तिथंच जायचं नव्हतं त्याला.

सप्टेंबर अखेरीला हिन्को त्याला संध्याकाळी मचाणावर घेऊन गेला. मंडळाच्या वाट्याला काही हरिणी पाडायच्या होत्या, त्यातली एक लुडविकच्या नावावर होती.

‘‘नजर चांगली राहो,’’ शिडीशी हिन्को म्हणाला. आमच्याकडे शिकारीला निघालेल्याला असंच म्हणतात.

ऊन बीच झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हाच एक तरुण मादी गवतात आली. एकटीच होती, सोबत पाडस नव्हतं. अंतर गिरणीच्या अंगणाएवढं. लुडविकनं रायफलीवरच्या दुर्बिणीत तिचा खांदा धरला. चापावर बोट ठेवलं. आणि ज्या क्षणी बोट मागं आलं त्या क्षणी त्याचे डोळे मिटले. ते मिटले हे त्याला उघडल्यावर कळलं.

मादी कोसळली नाही. पाठीची कमान करून तिनं एक जड उडी घेतली आणि झाडीत गेली.

उजेड होता तेवढ्यात दोघं त्या जागी गेले. रक्त थोडं होतं, गडद होतं, आणि त्यात चघळलेलं गवत होतं. पोटात लागली होती. हिन्कोनं फरची डहाळी मोडून खूण म्हणून तिथं जमिनीत रोवली.

‘‘आत्ता मागं लागायचं नाही. आत्ता गेलो तर ती लांब पळेल आणि सापडणार नाही. सकाळी मिलोय्काला बोलावतो.’’

‘‘हिन्को, ती अजून…’’

‘‘माहीत आहे मला.’’

लुडविक त्या रात्री झोपला नाही. मुकादमाला निरोप पाठवून त्यानं सुट्टी घेतली. मुकादमाला वाटलं, कुणीतरी वारलं.

मिलोय्का शेजारच्या खोऱ्यातली. तिची कुत्री बिना जखमी जनावराचा माग काढण्यात तरबेज होती. बाई ठेंगणी, बूट मोठे, बोलणं कोरडं.

‘‘कुठं उभी होती?’’

‘‘तिथं.’’

‘‘ ‘तिथं’ म्हणजे गावाएवढी जागा झाली. पाय ठेवून दाखव.’’

त्यानं रोवलेल्या डहाळीशी पाय ठेवून दाखवलं. बिनानं नाक जमिनीला लावलं आणि लांब दोरीनं मिलोय्काला ओढत निघाली. मागं हिन्को, त्याच्या मागं लुडविक. काटेरी झुडपं, शेवाळलेले दगड, दगडांमधल्या भेगा. आमच्या डोंगरात जमीन मध्येच खचून खोल द्रोण झालेले असतात. अशाच एका द्रोणाच्या काठाशी कुत्री थांबली आणि तिनं मालकिणीकडे बघितलं.

तळाला मादी पडली होती. मान वर होती. तिनं त्यांना बघितलं, उठायचा प्रयत्न केला, आणि पुढचे पाय तेवढे हलले.

‘‘तुझी आहे,’’ मिलोय्का म्हणाली. ‘‘तूच संपव.’’

लुडविक खाली उतरला. इतक्या जवळून चुकायला जागा नव्हती. बंदूक उडाली, मान खाली गेली. तो बराच वेळ तिथं उभा राहिला, खांदा न चोळता.

मग जे करायचं ते रीतीनं झालं. हिन्कोनं फरची एक डहाळी मादीच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी तिच्या रक्ताला लावून टोपीवर धरून लुडविकपुढे केली. लुडविकनं ती मोडून अर्धी मिलोय्काला दिली, कारण जनावर तिच्या कुत्रीनं मिळवलं होतं. मिलोय्कानं ती बिनाच्या गळपट्ट्यात खोवली. हिन्कोनं हात मिळवला, पण त्या हातात जोर नव्हता.

‘‘डोळे मिटलेस का?’’ त्यानं विचारलं.

‘‘मध्ये फांदी आली,’’ लुडविक म्हणाला. ‘‘बीचची.’’

हिन्कोनं मान हलवली. परतताना तो वाट वाकडी करून मचाणाकडे गेला. वर चढला, लुडविक बसला होता तिथं बसला, गवताकडे बघितलं आणि खाली उतरला.

जनावर पडलं होतं. म्हणजे रविवारपर्यंत तोन्चकाला पैसे द्यायचे आणि रायफल कायमची घ्यायची. गिरणीच्या पगारातून बाजूला टाकलेली रक्कम तयार होती. लुडविकनं ती कपाटातून काढून पाकिटात घातली आणि पाकीट पुन्हा कपाटात ठेवलं. झोफ्का बटाटे सोलत होती.

‘‘देऊन टाक, सुटशील,’’ ती म्हणाली.

‘‘दिले की सुटणार नाही.’’

शनिवारी दुपारी हिन्कोची गाडी दाराशी आली. ‘‘तोन्चकाकडे नंतर जा. आधी चांदमारीवर चल.’’

मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. लुडविक टेबलाशी बसला, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली.

‘‘मी भरतो,’’ हिन्को म्हणाला. ‘‘तू नुसता नेम धर.’’

त्यानं पाठ करून काडतूस घातलं, खटका बंद केला आणि बाजूला सरला. लुडविकनं श्वास सोडला, अर्ध्यावर धरला, चाप मागं घेतला.

टक्.

गोळी उडालीच नाही. हिन्कोनं आत रिकामं काडतूस घातलं होतं. पण नळी चांगली वीतभर खाली गेली होती, उजवा खांदा मागं चोरला गेला होता, आणि लुडविकचे डोळे घट्ट मिटलेले होते. धक्का आलाच नव्हता आणि माणूस धक्का खाऊन बसला होता.

हिन्को जवळ आला. ‘‘दिसली हो मला तुझी फांदी,’’ तो म्हणाला.

लुडविकनं बंदूक टेबलावर ठेवली. शर्टाची वरची बटणं सोडून खांदा उघडा केला. जुन्या टाक्यांची रेघ आणि तिच्याभोवती पिवळसर पडलेला जांभळा डाग.

‘‘आत लोखंड आहे.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तुमच्या झाडांत आहे त्याच्यापेक्षा नवीन.’’

‘‘मला हसवू नकोस, मी चिडलोय,’’ हिन्को म्हणाला आणि खरोखरच चिडला. ‘‘सांगितलं का नाहीस?’’

‘‘गिरणीत सांगितलं की झाडू देतात.’’

‘‘ही गिरणी आहे?’’

‘‘हाक्याला धाडाल असं वाटलं.’’

‘‘गाढवा! तू बांधलेल्या मचाणांवर मंडळातले निम्मे ढेरपोटे डोळे झाकून चढतात. तुला हाक्याला धाडीन मी? पण ती पोरगी रात्रभर त्या खड्ड्यात पडून होती. कशासाठी? तर साहेबांना खांदा दुखतो म्हणायची लाज वाटली!’’

लुडविकनं शर्टाची बटणं लावली.

हिन्को मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. आता आवाज उतरला होता. ‘‘मीही बघायला पाहिजे होतं. तिसरी गोळी सरकली तेव्हाच. पण ती रायफल पुन्हा जंगलात चाललीय एवढंच मी बघत होतो. रुडी बरोबर असल्यासारखं वाटायचं.’’ त्यानं नाक शिंकरलं. ‘‘थांब इथं.’’

गाडीतून त्यानं दुसरी रायफल आणली. त्याच्या मुलीची होती, नेवाची. साडेसहा मिलिमीटरची, कुंद्याला जाड रबर.

‘‘ही काय आहे ते नंतर सांगतो. आधी झाड.’’

लुडविकनं झाडली. लाथ नव्हती, ढुशी होती. वासरू देतं तशी. गोळी मध्याशेजारी बसली. हिन्कोनं पुन्हा पाठ केली, पुन्हा भरलं. टक्. नळी खाली गेली, पण मघापेक्षा कमी.

‘‘खांद्याला अजून खबर पोचली नाही,’’ हिन्को म्हणाला. ‘‘पोचेपर्यंत बसायचं.’’

बसले. कधी खरं काडतूस, कधी रिकामं, कुठलं ते फक्त हिन्कोला ठाऊक. शरीराला एकदा लागलेली वाईट सवय मोडणं हे नवीन काम शिकण्यापेक्षा जड असतं. लुडविकच्या कपाळावर घाम आला. दुपार कलली, हिन्कोनं डब्यातलं सॉसेज आणि पाव काढला, खाल्ला, हात पुसले, पुन्हा सुरू. उन्हं उतरायला लागली तेव्हा एकदा टक् झालं आणि नळी जागची हलली नाही. पुढचंही टक् झालं, तेव्हाही हलली नाही. लुडविकचे डोळे उघडे होते.

‘‘हं,’’ हिन्को म्हणाला.

खरं अवघड काम दुसऱ्या दिवशी होतं. लुडविक घोंगडीत गुंडाळलेली नऊ-तीन घेऊन तोन्चकाच्या दारात उभा राहिला. तिनं टेबलावर केक आणि नाशपातीची दारू मांडून ठेवली होती. हरिणी पडल्याची बातमी तिच्यापर्यंत आली होती.

‘‘ये ये. डहाळी मी आत्ताच चुलीत टाकली.’’

‘‘तोन्चकामावशी, मला ही पेलत नाही.’’

‘‘काय पेलत नाही? पैसे? हप्त्यानं दे.’’

‘‘पैसे आणलेत. खांद्याला पेलत नाही. हरिणीला मी नीट मारलं नाही.’’ आणि त्यानं सगळं सांगितलं, फांदीच्या खोट्यासकट.

ती ऐकत राहिली. मग दारूची बाटली उचलून कपाटात ठेवली.

‘‘रुडीला तीस वर्षं पेलली.’’

‘‘हो.’’

‘‘खुंटीसुद्धा काढली मी भिंतीतली. भोक बुजवलं.’’

‘‘मी ठोकून देतो.’’

‘‘तू काही ठोकू नकोस. कोपऱ्यात ठेव आणि जा.’’

त्यानं ठेवली आणि गेला. केक तसाच राहिला. त्यानंतर कित्येक दिवस ती दुकानात त्याच्या शेजारी उभी राही, पण त्याच्याकडे बघत नसे. बरोबरच होतं तिचं. पुढं ती रायफल तिनं रुडीच्या मामेभावाच्या मुलाला दिली, आणि तो मुलगा चांगला नेमबाज निघाला.

मंडळाच्या बैठकीत हिन्कोनं गोष्ट झाकून ठेवली नाही. लुडविकनंच उभं राहून सांगावी असा त्याचा हट्ट होता. लुडविकनं चार वाक्यांत सांगितली. निर्णय असा झाला: हरिणी, शेळीएवढी छोटी हरणं आणि रानडुकरं त्याच्या वाट्याला येतील, अस्वलाच्या सोडतीत मात्र त्याचं नाव पडणार नाही, आत्ता नाही आणि पुढंही नाही. नियम तो नियम. हाक्याचा विषय कुणी काढला नाही.

‘‘साडेसहा!’’ पेपी म्हणाला. ‘‘म्हणजे आता शिवणयंत्र घेऊन जंगलात.’’

‘‘तुझी विजार फाटली तर उपयोगी पडेल,’’ लुडविक म्हणाला, ‘‘ती एवीतेवी खालीच असते.’’

टेबल हसलं. अस्वलाची सोडत हातची गेल्याचं लुडविकला वाईट वाटलं, आणि ते त्यानं कुणापासून लपवलं नाही. तरुणपणी हाक्यात असताना एकदा अस्वल त्याच्या अगदी जवळून गेलं होतं. तेव्हापासून मनात होतं ते. राहिलं.

दुकानात तो बसनं गेला, झोफ्काला बरोबर घेऊन. विक्रेता उत्साही होता. त्यानं आधी एक लांब काडतुसाची जोरदार रायफल काढली, दूरच्या डोंगरावरचं जनावरही पडेल म्हणाला.

‘‘आमच्याकडे दूर काही दिसत नाही,’’ लुडविक म्हणाला. ‘‘झाडं आहेत.’’

मग विक्रेत्यानं हलकी काढली, चढायला सोपी म्हणून. लुडविकनं ती हातात तोलली आणि परत दिली. हलकी बंदूक डोंगर चढताना बरी, झाडताना वाईट. वजन असलं की धक्का वाटेतच मुरतो. वजन वाहायचा त्याला कंटाळा नव्हता. शेवटी एक साधी, जरा जड रायफल त्यानं निवडली. दस्त्यावर कोरीवकाम नाही, चकाकी नाही. डोळे मिटून ती खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे आणि नजर सरळ दुर्बिणीच्या मध्यात येते का बघायचं, असं त्यानं इतक्या वेळा केलं की बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. कुंदा किंचित लांब होता. मागच्या खोलीतल्या कारागिरानं तो कापून जाड रबर बसवून दिलं.

‘‘झालं?’’ झोफ्कानं विचारलं.

‘‘पुन्हा बघतो.’’

‘‘मला बघायला आलास तेव्हा एवढा वेळ नव्हता घेतला.’’

‘‘तू मला खांद्याला लावायची नव्हतीस.’’

‘‘बरं झालं, नाहीतर कापून रबर लावलं असतं.’’

पाकीट त्यानं काउंटरवर रिकामं केलं. गिरणीतल्या शनिवारांचा पगार होता तो, पहाटे उठून, डाव्या हातावर जोर घेऊन मिळवलेला. त्यातून आली एक साडेसहाची रायफल, तिच्यावर जरा महागातली दुर्बीण, आणि उरलेल्या सगळ्या पैशांची काडतुसं. चामड्याचा पट्टा घ्यायला पैसे पुरले नाहीत. काडतुसांच्या पेट्या इतक्या होत्या की विक्रेत्यानं विचारलं, एवढी कशाला, वर्षाकाठी दोन-चारच जनावरं पाडायची असतात ना?

‘‘ही जनावरांसाठी नाहीत,’’ लुडविक म्हणाला. ‘‘ही चांदमारीवर जायची.’’

मग त्यानं अर्ध्या पेट्या झोफ्काच्या पिशवीत टाकल्या, अर्ध्या आपल्या, आणि दोघं बस पकडायला गेले.